काटा मीच मध्यावर आणला

ग्वारीघाटच्या त्या फोटोत काहीच दिसत नाही, याला जबाबदार मी आहे. आमचे जावई नव्हेत. चार वर्षं उशिरा का होईना, एकदा लिहून टाकतो.

माझी मोठी मेहुणी अक्का जन्मभर जबलपुरात राहिली आणि ब्याऐंशीव्या वर्षी मुलाकडे बंगलोरला कायमची निघाली. तिचं मागणं एकच. "नर्मदा आणि तुम्ही सगळे एका फोटोत द्या. तिकडे भिंतीवर लावीन." गाडी सकाळचीच होती. म्हणून पहाटेच आम्ही दहा जण चेरीतालच्या घरून घाटावर हजर!

नदीवर धुकं होतं. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. लांब कुठेतरी घंटा वाजली, तीसुद्धा झोपेत वाजल्यासारखी.

जावई निखिल (पुण्याचे, बँकेत, सगळं शिस्तीत!) यांनी काठावर ट्रायपॉड रोवला.

"ऑटोवर काहून नाही ठेवत?" मी विचारलं.

"ऑटो धुक्यात फसतो, बाबा. आपण बोटीत बसेपर्यंत सूर्य वर येईल. त्या उजेडाच्या हिशेबाने मॅन्युअल लावून ठेवलंय. आत्ता स्क्रीनवर काळोख दिसेल, दिसू द्या. रिमोट माझ्या खिशात आहे."

एवढं बोलून ते अक्काला बोटीत बसवायला गेले. कॅमेऱ्यापाशी मी एकटा.

स्क्रीनच्या तळाशी उजेड मोजणारी एक बारीक पट्टी होती आणि तिच्यावरचा काटा पार डावीकडे! मी चौतीस वर्षं वीजघराच्या कंट्रोल रूममध्ये काढलेली. काटा मध्यावरून हललेला असताना मी कधी चहासुद्धा प्यायलो नाही. हात आपोआप गेला. चाक फिरवलं, टक् टक् टक्, काटा मध्यावर! काळोखातून निळी नदी उगवली. जावयाची चूक चारचौघांत न दाखवता दुरुस्त केली म्हणून मी स्वतःवर भलताच खूश.

बोट दहा हात आत गेली. "बाबूजी, हिलना मत!" नावाडी म्हणाला. मग सूर्य आला. धुकं आधी गुलाबी, मग सोनेरी झालं. अक्काने माझ्या बायकोचा हात धरला. निखिल खिशातल्या खिशात चाळीस वेळा रिमोट दाबत होते.

काठावर येऊन पाहतो तर चाळीसच्या चाळीस फोटो पांढरे! दुधाच्या पातेल्यात डोकावल्यासारखे. एकात फक्त माझी काळी टोपी तरंगत होती.

"अगं बाई! जावईबापू, हे काय झालं?" बायको रडवेली झाली. तोवर धुकं विरलं होतं, गाडीची वेळ होत आली होती.

"मी तर म्हणूनच राहिलो होतो, ऑटोवर ठेवा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

निखिलनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

अक्काने तो टोपीवाला फोटोच मागून घेतला. "अशीच तर होती सकाळ," म्हणाली. निखिलनी मात्र पुन्हा कॅमेरा आणला नाही. ते मला खुपत राहिलं. गेल्या आठवड्यात धीर करून त्यांना सगळं सांगितलं.

"बाबा, प्रत्येक फोटोसोबत सेटिंगची नोंद राहते. मला घाटावरच कळलं होतं."

"आणि घरच्यांना?"

"त्यांना स्टेशनवर. तुम्ही सामान चढवत होतात तेव्हा अक्कामावशींनी खोदून विचारलं, मग सांगावं लागलं. त्यांनीच सगळ्यांना बजावलं, बाबांना कुणी बोलू नका, मनाला लावून घेतील."

म्हणजे चार वर्षं प्रत्येक सणाला मी भर पंगतीत मॅन्युअलच्या तोट्यांवर भाषण झोडत होतो, आणि सगळं ठाऊक असलेली माणसं "अगदी बरोबर" म्हणत माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढत होती!