सात एकांचा आकडा

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, धानाचा रोवणा आटोपला आणि आई तापानं गेली. मी तेव्हा तुमसरच्या कॉलेजात बीएस्सीला होते. तेरवी झाली तरी बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी कॉलेजला लगेच परतले नाही; सिहोऱ्याच्या घरात आता आम्ही दोघंच. शेतात धानाच्या बांधीतलं पाणी पाहून आले की ते भिंतीला टेकून बसत. काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच.

मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली. एका दुपारी मी पाटीवर सात वेळा एक लिहिला. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तीन वेळा एक लिहिला तर सदतीसनं भाग जातो, पाच वेळा लिहिला तर एक्केचाळीसनं, हे वर्गात झालं होतं. सातांचं मलाही माहीत नव्हतं.

"बाबा, याले कशानं पुरा भाग जाते का, पाहा ना."

बाबा सातवी शिकलेले. त्यांनी पाटी पुढं ओढून लेखणी घेतली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. दरवेळी बाकी एक.

"एकच उरून राहिला," ते म्हणाले. आई गेल्यापासून आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

सतरानं आठ उरले तेव्हा त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. चुकलो का, म्हणून. चुकले नव्हते. मी सांगितलं, पुढंही असंच मूळ संख्यांनीच भागायचं, आणि हजाराच्या थोडं पुढं गेलं की थांबायचं.

"काहून?"

"दोघांच्या गुणाकारातून हा आकडा होत असंल, तर त्यातला एक तेवढ्याहून लहान असतेच. तो आधीच सापडते."

मग रोज शेतातून आले की पाटी. जेवायलाही बसू लागले, लवकर आटोपून पाटीकडं परतता यावं म्हणून का होईना. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले. भाग जात नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो जायलाही नको होता.

त्या दिवशी मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. बाबा दोनशे एकोणचाळीसनं भागत होते. एकदम थांबले. बाकी शून्य. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास. त्यांनी गुणून पाहिलं, सातही एक जुळले. ते उठले आणि स्वयंपाकघराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "अवो, आयकलं का? भाग गेला!"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

बाबा चौकट धरून उभे होते. मग उंबऱ्यावरच बसले आणि असे रडले, की शेजारची काकू धावत आली.

"तिले यातलं काही समजलं नसतं, माय," ते मला म्हणाले. "पण ती आयकाले आली असती."

इतके दिवस त्यांच्यासाठी आवरून धरलेलं माझंही रडू तेव्हा सुटलं. काकूनं चूल पेटवून भात टाकला.

पाटीला ते पुन्हा शिवले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजला परत निघाले, तर मला बसपर्यंत सोडायला आले. माझी पिशवी खांद्यावर घेऊन ते रस्ताभर आईबद्दलच बोलत होते.