परभणीचा काही गुन्हा नव्हता

दिवेलागणीची वेळ झाली की नांदेडवाली ओट्यावर यायची, पदर सारखा करायची आणि बाजाराच्या दिशेला तोंड करून म्हणायची, “लागले का गं तुमच्या परभणीचे दिवे? का अजून राकेल आणायलाच गेलेत?” आम्ही तीन-चार बायका तांदूळ निवडत, वाती वळत बसलेलो असायचो. एकीनं जरी उलट तोंड उघडलं, की तासाभराची निश्चिंती.

तिचं नाव द्वारका. पण आमच्या गल्लीत सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत होती. मी पोखर्णीवाली, समोरची सेलूवाली, आणि ही नांदेडवाली. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली ती लग्न होऊन आली. नवरा येलदरीच्या धरणावर, वीजघरात कामाला. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. ही सासूपाशी परभणीत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, म्हणून मला अक्का म्हणायची. रंगानं सावळी, हाडानं काटकुळी, आणि जीभ मात्र अशी की तिच्यापुढे भाजीवाला आपणहून कोथिंबिरीची काडी जास्त टाकायचा.

तिचा एक शब्द होता, रौनक. निजाम गेला पण असले शब्द आमच्याकडे राहून गेले. “बाजार म्हंजे निस्ती दुकानं न्हवं, अक्का. रौनक पायजे. आमच्या वजिराबादेला सांजच्याला निघालं की लाइटीनं माणसाची सावली पायाखाली लपती. अन् तुमच्याकडं? सात वाजले की बाजार डोळे मिटायलाय!”

आम्ही ठरलेलं उत्तर द्यायचो, “जगात जर्मनी, भारतात परभणी! ठावं न्हाई का?”

“मंग जर्मनीतबी अंधारच असंल,” ती म्हणायची.

सेलूवाली एकदा चिडून म्हणाली, “एवढं नांदेड ग्वाड होतं, तर इकडच्याच्या गळ्यात माळ कशाला घातलीस गं?”

“बापानं परभणी दिवसा दाखवली बाई. दिवसा समदी गावं सारखीच!” आणि वर म्हणाली, “माझा माणूस तिकडं रातभर वीज करायलाय, अन् तुमी ती जाळायचीबी कंजुषी करायलात.”

हसून हसून आमच्या सुपातले तांदूळ सांडायचे. खरं सांगते, मी तर पोखर्णीसारख्या खेड्यातली. परभणीचा अभिमान मला ती येईपर्यंत कुठे ठाऊक होता? तिनं नावं ठेवली म्हणून मला ते गाव माझं वाटायला लागलं.

एकदा आम्ही ठरवलं, हिची खोड मोडायची. दर्ग्याचा उरूस भरला होता. उरसात तर परभणीचा थाटच वेगळा. आकाशपाळणे, मिठाईची दुकानं, तमाशाचे तंबू, बांगड्यांच्या ओळीच्या ओळी, आणि दिवे इतके की आभाळाचा रंग बदलावा. संध्याकाळी तिला ओढतच नेली. मैदानाच्या तोंडाशी उभी करून म्हटलं, “आता बोल.”

ती बराच वेळ मान इकडून तिकडे फिरवत राहिली. मग म्हणाली, “काय हे बाई! तिथं एक दिवा, इथं एक दिवा. मधी समदा काळोखच की.”

सेलूवालीनं कपाळावर हात मारला. पुढं निघालो तर तंबूची दोरी नांदेडवालीच्या पायात आली आणि ती पालथी पडली. “तोऱ्यात वर बघून चालायलीस, मंग असंच व्हणार,” मी म्हणाले, आणि हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. आज हे लिहिताना त्या हसण्याची लाज वाटते.

कारण खुणा तर डोळ्यांसमोर होत्या. दिवस मावळला की तिच्या हातून चहा कपाबाहेर जायचा. सासू म्हणायची, लक्ष माहेरी आहे. अंधार पडल्यावर बाजारात चल म्हटलं तर, “तुमच्या त्या अंधाऱ्या बाजारात कोण येतंय?” म्हणून ओट्यावरच बसायची. आम्हाला वाटायचं, केवढा हा माज. एकीच्याही मनात दुसरी शंका आली नाही.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीचं, पुष्पाचं, लग्न जुळायला लागलं. पाहुणे बघायला येणार होते आणि नांदेडवालीच्या नवऱ्याला रजा मिळेना. ती माझ्या मागं लागली, “अक्का, तूच चल सोबत. एक डाव माझं नांदेड बघ, अन् मंग भांड माझ्याशी.” दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. खिडकीशी बसून ती मला वजिराबादेचं एकेक दुकान पाठ म्हणून दाखवत होती. लग्न झाल्यापासून ती दिवाळीला, पंचमीला माहेरी जायची, पण घरातच. संध्याकाळी बाजारात हिंडली होती ती लग्नाआधी, त्याला आता दोन-तीन वर्षं झाली होती.

सामान घरी टाकलं आणि दिवे लागताना आम्ही बाहेर पडलो. वजिराबाद बघितलं आणि, काय सांगू, मी हरलेच. दुकानाला लागून दुकान, प्रत्येकावर दिव्यांच्या पांढऱ्याशुभ्र नळ्या, साड्या बाहेरपर्यंत टांगलेल्या, गजरेवाले, अत्तरवाले, सायकलरिक्षांच्या घंट्या, बायाबापड्या मजेत खात-पीत चाललेल्या. तिनं एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “जिंकलीस बाई. कान पकडते.”

तिनं माझं कोपर घट्ट धरलं होतं. मग अगदी हळू म्हणाली, “अक्का, आज इथली लाइट गेली का गं?”

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी वळून बघितलं. तिच्या तोंडावर समोरच्या साडीच्या दुकानाचा लखलखीत उजेड पडला होता आणि डोळे भलतीकडंच बघत होते.

“न्हाई गं,” मी म्हणाले. “समदे दिवे लागलेत.”

“हे वजिराबादच हाय न्हवं?”

“हाय की.”

ती दोन पावलं पुढं गेली. हात लांबवून टांगलेल्या साडीचा पदर चाचपला. दुकानदार “या ताई, या” म्हणाला, तशी दचकून मागं आली. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. मग ती म्हणाली, “म्हंजे अक्का, तुमच्या परभणीचा काई गुन्हा नव्हता गं.”

दुसऱ्या दिवशी बांगड्या भरायला जातो असं घरी सांगून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत उजेड पाडून बघितलं. आपलं बोट बाजूला नेत नेत विचारलं, दिसतं का? समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. घरात आणखी कुणाला होतं का, म्हणाले. तिला आत्या आठवली. दिवस मावळल्यावर ती आत्या उंबरा ओलांडायची नाही, आणि सगळे तिला जन्मभर भित्री म्हणत आले होते. डॉक्टर भला माणूस, त्यांनी लपवलं नाही. हे रातांधळेपण वाढत जाणार, नजर कडांकडून आत आत येत जाणार, आणि औषध नाही.

बाहेर पायरीवर ती बसली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “पुष्पीचं ठरायलंय. त्या घरच्या पोरींचे डोळे जातात, एवढं एक डाव बाहेर पडलं की तिला कोण करील?”

“अन् तुझं गं?”

“माझं लगीन झालंय की.” असं म्हणाली जणू काही सुटलीच त्यातून. “मालकाला सांगीन. सासूला न्हाई. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. अन् अक्का, तू माझ्याशी भांडायचं सोडायचं न्हाई. तू गप बसलीस की बायका इचारतील, हिला झालं तरी काय.”

परतायच्या आधी संध्याकाळी तिनं आणखी एक केलं. दिवा न लावता पुष्पाला सुईत दोरा ओवायला बसवलं, परसात कण्हेरीखाली पडलेला खडा शोधायला लावला. पोरीनं दोन्ही केलं आणि “ताई, हे काय खूळ?” म्हणून हसत आत गेली. नांदेडवाली भिंतीला टेकली, म्हणाली, “हिला दिसतंय, अक्का.” आत्याची गोष्ट मुलाकडच्यांना सांगायला हवी होती का? असेलही. मला तेव्हा कळलं नाही, आताही नीट कळत नाही.

मग परभणीत आमचं नाटक सुरू झालं. सासू संध्याकाळी देवळात धाडायची, तर नाही म्हणायची सोय नव्हती. मी माझा दंड तिच्या हातात द्यायची आणि मोठ्यानं भांडत निघायची. “ए नांदेडवाली, असली रुंद गटार हाय का तुमच्या वजिराबादेला?” ती पाऊल लांब टाकायची. “ह्या आमच्या देवळाच्या तीन पायऱ्या बघ, तुमच्या नदीच्या घाटाला लाजवतील!” ती मनात तीन मोजून वर चढायची, आणि मोठ्यानं उत्तर द्यायची, “गटारीचा अन् पायऱ्यांचा अभिमान धरा तुमी! दुसरं हाय काय तुमच्यापाशी?” मागून सेलूवाली म्हणायची, “अगं, देवाच्या दारात तरी ग्वाड बोला की दोघी.” तोंड असं फटाक्यासारखं चाललेलं, आणि तिची नखं माझ्या दंडात रुतलेली. घरी येऊन बघावं तर चार लाल चंद्रकोरी.

आठ-नऊ महिने आम्ही अशा भांडलो. त्या दिवसांत मी परभणीची इतकी स्तुती केली की गावानं माझा सत्कार करायला हवा होता. मात्र तेवढ्या काळात दिवसाचंही तिला कमी दिसायला लागलं होतं. ताटाच्या डाव्या कडेची चटणी तिला सापडायची नाही.

उन्हाळ्यात पुष्पाचं लग्न झालं, चांगल्या घरी पडली. लग्नाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडवाली मला म्हणाली, “आता सांग समद्यांना. मला सांगायला जमायचं न्हाई.” मी ओट्यावर सांगितलं. उरसातली दोरी, कपाबाहेरचा चहा, वजिराबाद, सगळं. सेलूवालीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सासू आत जाऊन रडली. कुणी बदाम भिजवून आणले, कुणी गाजरं आणली. सगळ्या तिला हात धरून चालवायला लागल्या, हळू आवाजात बोलायला लागल्या.

नंतर येलदरीला नवऱ्याला क्वार्टर मिळालं, तो तिला घेऊन गेला. दोन-तीन वर्षांत तिथंच तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. निरोप आला तेव्हा गल्ली हळहळली. पण माझ्या मनात ती गेली ती त्याआधीच, एका संध्याकाळी, आमच्याच ओट्यावरून.

तिचं सामान बांधून झालं होतं. दिवे लागले होते, तिला ते सांगावं लागलं. ती मधोमध बसली आणि म्हणाली, “काई म्हणा, नांदेडच्या गजऱ्याचीबी सर न्हाई तुमच्या अख्ख्या गुजरी बाजाराला.”

सेलूवाली म्हणाली, “खरंय गं माय.”

तिनं आणखी डिवचलं. “जर्मनी-फिर्मनी काई न्हाई. निस्त्या गप्पा.”

“हो की,” दुसरी एक म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

मग तिनं मान माझ्याकडे वळवली. मी कुठं बसलेय ते आवाजावरून तिनं धरून ठेवलं होतं. “अक्का,” म्हणाली, “तुमची परभणी म्हंजे गाव न्हाई, निस्तं स्टेशन हाय स्टेशन. गाडी बदलायला उतरायचं.”

इतकं सोपं तोंडाशी आणून दिलं होतं तिनं. मी उत्तर शोधलं, जिभेवर आलंही होतं. पण तिचे ते डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं लागलेले बघितले आणि माझ्या तोंडून निघालं, “बरोबर हाय बाई तुझं.”

“म्हंजे आता तूबी,” ती म्हणाली, आणि भिंत चाचपत आत निघून गेली.