साहेबांसाठी घर

"मला काय विचारतेस? आधी साहेबांना विचार," असं म्हणून आजी हनुवटीने दाराकडे खूण करायच्या. दारात साहेब पसरलेले असायचे. साहेब म्हणजे आमच्या बिल्डिंगमधला तांबडा, म्हातारा कुत्रा. कितीही खाल्लं तरी चेहरा उपाशी.

तुमच्याही सोसायटीत अशी एखादी आजी असेल, आणि तिच्यामागे हात धुऊन लागलेली माझ्यासारखी सेक्रेटरीही. घाटकोपरच्या आमच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये टाकी धुण्यापासून आरतीच्या प्रसादापर्यंत सगळ्याची यादी माझ्याकडे असे. जिन्यात कुत्र्यांना खायला घालू नये, अशी नोटीस मी स्वतः लिहून आजींच्या हातात दिली. त्यांनी ती कौतुकाने वाचली. "अक्षर काय झकास आहे गं तुझं!" दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या थाळीखाली अंथरलेली. पुढच्या आठवड्यात आजी माझ्या दारात हजर. "अजून एक देतेस का? पहिली भिजली."

मुलगा आणि सून आखातात नोकरीला, त्यामुळे नातीला आजींनीच वाढवलं. बांगडे तळले की आजींच्या एका बाजूला नात बसे, दुसऱ्या बाजूला साहेब. काटे काढून एक घास इकडे, एक तिकडे. नात तेव्हा कॉलेजात होती.

"आजी, तिला येतील की आता काटे काढायला."

"येतील ना. मग मी काय करू?"

यावर मी पाच मिनिटं स्वच्छतेवर बोलले.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांच्या चाव्या मिळाल्याशिवाय पाडकाम सुरू होणार नव्हतं. एकेक घर रिकामं झालं. आजी मात्र हलेनात.

"साहेबांना घेतील असं घर दाखव, लगेच निघते. त्यांना बुलडोझरपुढे सोडून जाणार नाही मी."

लोक माझ्यावर उखडले. "एका कुत्र्यासाठी सगळे लटकलोय ना, मॅडम!"

मी हे काम एका दुपारचं समजले होते. पहिल्याच एजंटने फोनवर विचारलं, "फॅमिलीत कोण कोण?"

"आजी, नात आणि एक वयस्कर गृहस्थ."

"व्हेज ना?"

"तिघंही नाहीत."

तरी त्याने एक घर दाखवलं. मालक सभ्य होता. "गृहस्थ मागून येतायत का?" मी बोटाने पायाशी बसलेल्या साहेबांकडे दाखवलं. पुढचं बोलणं बंद दारातून झालं.

त्यानंतर आम्ही रिक्षाने किती घरं पाहिली! मधे साहेब, कडेला आम्ही दोघी, आणि माझ्या नीट लावलेल्या फायलीवर साहेबांची लाळ. शेवटी मुलुंडच्या एका तळमजल्यावर घरमालकीणबाईंनी एवढंच विचारलं, "चावतो का?"

"दात कुठे उरलेत, बाई! भाकरीसुद्धा कुस्करून द्यावी लागते."

साहेब आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या गार लादीवर आडवे झाले. आजी माझ्याकडे वळल्या. "झालं. टेम्पो सांग."

निघायच्या दिवशी त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली. पावती द्यायला मी फाईल उघडली, तर पेन सापडेना. माझ्या पर्समध्ये एरवी चार असतात.

आता तिथे टॉवर आहे. आजी त्यात राहायला आल्याच नाहीत. मुलुंडच्या घरातच आधी साहेब गेले, मग त्या.

मला अजून दिसतो तो त्या दिवशीचा टेम्पो. ड्रायव्हर कुत्र्याला पुढे बसवेना, म्हणून आजी मागे चढल्या, कपाट आणि गाद्यांच्या मधे. "आजी, तुम्ही पुढे बसा, मागे नात बसेल!" मी ओरडत होते. त्यांनी ऐकलं नाही. टेम्पो गेटातून वळला तेव्हा मी हात हलवला. त्यांना हलवता आला नाही. दोन्ही हात साहेबांच्या गळ्याभोवती होते.