शाई वाळेपर्यंत

मोडी शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी पेशवाईतला एक कागद अलगद उलगडला, तेव्हा घडीतून चिमूटभर वाळू टेबलावर सांडली. मी ती झटकायला हात पुढे केला.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "ओली शाई लवकर वाळावी म्हणून वाळू टाकायचे. लिहिलं त्याच दिवसाची आहे ती."

कागद कुणबीण विकल्याचा होता. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. विकणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं, गावाचं, सगळं ठसठशीत. तिच्याबद्दल एवढंच, की रंग सावळा, हनुवटीवर गोंदण. नाव नाहीच.

ते गोंदण तिच्या आईनं करवून घेतलं असेल, तिचं डोकं मांडीवर घट्ट धरून, "झालं हं, झालं" म्हणत. लेक उठून दिसावी म्हणून. आणि ती खूण कामी आली कशाला, तर पळून गेली तर ओळखायला.

बाईंनी वाळू तळहातावर गोळा करून पुन्हा घडीत सोडली. मला उंबऱ्याशी उभी असलेली ती दिसत राहिली. शाई ओली होती तेवढा वेळ तरी ती कुणाचीच नव्हती. तेवढाही वेळ त्या वाळूनं तिला दिला नाही.