काठी कुणाच्या घोंगडीवर

रेडिओवर सांगतात, अमेरिकेच्या अध्यक्षावर शंभरातली अमुक इतकी माणसं खूष आहेत. मागच्या महिन्यात जास्त होती, आता कमी झाली. मग घरातली शिकलेली मंडळी वाद घालत बसतात, हा पुन्हा निवडून येतो का पडतो. मी बाजेवर पडून ऐकतो. माझं शिक्षण म्हणाल तर निजामी अंमलातल्या सरकारी शाळेत दीड वर्ष, आणि त्यातलंही अर्धं मेंढरांमागं गेलं. त्यामुळं मला कुणी विचारत नाही आणि मी आपण होऊन सांगायला जात नाही. पण माणसं खूष असणं वेगळं आणि माणसांनी निवडणं वेगळं, हे मी भोगलेलं आहे. ते एकदा लिहून टाकतो. बोलायचा आता कंटाळा येतो.

इंग्रजाची जर्मनीशी दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. नरसीपासून कोसभर आमची एकोणीस घरं, सगळी मेंढरंवाली. पावसाळा सरून ज्वारी निघाली की आम्ही कळप घेऊन बाहेर पडायचो. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, लेंड्यांचं खत त्यांना, दाणे आम्हाला. एकोणीस कळप एका रस्त्यानं चालायचे म्हणजे कुणी एक पुढं लागतो. कुठं थांबायचं, कुणाचं रान घ्यायचं, नाक्यावरच्या शिपायाशी कोणी बोलायचं, हे तो ठरवणार. त्याला आम्ही म्होरक्या म्हणायचो. सात वर्षं म्होरक्या मी होतो.

म्होरक्या दर साली नव्यानं ठरायचा. ज्याला व्हायचं असेल त्यानं लिंबाखाली आपली घोंगडी अंथरायची. मग एकेका घरचं कर्तं माणूस येणार आणि आपली काठी एका घोंगडीवर टाकणार. काठ्या पडायला लागल्या की तोंडानं काही बोलायचं नाही. काठी पडली म्हणजे वर्षभर त्या माणसाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. सात वर्षं लिंबाखाली माझी एकट्याचीच घोंगडी पडत होती. त्या साली कानावर आलं की माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, घोंगडी टाकणार आहे.

मला आधी हसू आलं. मेंढराला हाक मारायची तरी हळू मारणारा माणूस तो. मग राग आला. बायको म्हणाली, "त्यालेच इचारा की काय मनात हाय ते."

"मी इचारू त्याले? दाजी हाव मी त्याचा."

त्याला विचारलं नाही. गावाला विचारायला निघालो. लिहिता धड येत नव्हतं, म्हणून लोकरीचा एक दोरा घेतला. जो मला चांगलं म्हणेल त्याची एक गाठ.

पहिल्यांदा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या घरी गेलो. त्याला आम्ही आबा म्हणायचो. म्हटलं, "आबा, सात वर्सं झाली मी पुढं हाव. मी बराबर हाव का न्हाई, तेवढं सांगा."

"आता हे काय इचारणं झालं? नाक्यावरचा शिपाई तुमाले पाहून बिडी इझवतो. दुसऱ्या कोणाले पाहून इझवतो का?"

एक गाठ.

एका घराचा कारभार विधवा बाई पाहायची. मेंढरं कातरण्यात तिचा हात गड्यांपेक्षा जलद चालायचा. ती म्हणाली, "तोंड वाईट हाय तुमचं, दादा. पोराबाळांदेखत शिव्या देता. पण सात वर्सांत माझं एक मेंढरू हरपलं न्हाई."

"म्हंजे बराबर का न्हाई?"

"सांगितलं ना. आता काय दवंडी देऊ?"

ही गाठ मारावी का मारू नये, असा विचार करत पुढच्या घरापर्यंत गेलो. मारली. अशा सोळा गाठी झाल्या. एका घरचा माणूस औंढ्याला गेला होता. मेव्हण्याचं घर मी सोडलं.

त्या दिवसांत एक पिंजारी चाचा आमच्याकडं लोकर पिंजायला आलेला होता. घरोघर बसून पिंजायचा. मी ऐटीत त्याच्यासमोर दोरा धरला. "चाचा, हे पाय. सोळा."

त्यानं धनुकली खाली ठेवली. "अच्छा हाय. मी बी आठ दिसांपासून घरोघर बसून राहिलो, भाऊ. मी कोणाले काही इचारत न्हाई, मले कोणी काही इचारत न्हाई. पण कान तर उघडे हाईत."

"मग काय ऐकलं?"

"तुझं नाव वाईट कोणीच घेत न्हाई. समदे नाक्याचं बोलून राहिले."

आम्ही दर साली वऱ्हाडात जायचो, त्यासाठी कनेरगावचा नाका ओलांडावा लागायचा. नाक्यापलीकडं इंग्रजाचं राज्य. त्या साली बोलवा उठली होती की लढाईपायी येताना मेंढरं अडवून ठेवतात, परत सोडत नाहीत. मी म्हटलं, "अफवा हाय ती."

"असंल. पण हे तू इचारलं का कोणाले?"

"त्यात इचारायचं काय? वऱ्हाडात जायचं म्हंजे जायचं. बाप गेला, आजा गेला."

"गाठी पक्क्या मारल्या हाईत," चाचा म्हणाला, आणि पुन्हा पिंजायला लागला.

मी उठून आलो. तेव्हाच परत फिरून नाक्याचं विचारलं असतं तर? नाही विचारलं. माझ्या स्वभावात ते नव्हतं, आजही नाही.

ठरल्या दिवशी सकाळी लिंबाखाली दोन घोंगड्या पडल्या. दोघांनी आपापली काठी आपापल्या घोंगडीवर ठेवली. मेव्हणा उभा राहून एवढंच म्हणाला, "औंढ्याच्या अंगानं जाऊ. नाका नको." आणि खाली बसला. औंढ्याची वाट निजामाच्याच मुलखातली, तिथं नाका लागत नव्हता. मी घोंगडीवरच बसून राहिलो. सात वर्षं केलेलं काम काय बोलून दाखवायचं?

आबा उठले. माझ्याजवळून गेले आणि त्यांची काठी तिकडं पडली. मग बाईची. मग एकामागून एक. काठीवर काठी पडते त्याचा एक कोरडा आवाज असतो, तो माझ्यापासून दोन हातांवर होत राहिला. शेवटी माझ्या घोंगडीवर माझी धरून पाच काठ्या होत्या. त्यातली एक माझ्या सख्ख्या भावाची, आणि ती टाकताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

तिथं बोलायचं नसतं, पण मी बोललो. "काहून, आबा? परवा तर मले बराबर म्हणाले."

"आजबी म्हणतो. तुमी बराबरच हाव. पण तुमी तुमचं इचारलं. नाक्याचं कुठं इचारलं?"

बाई म्हणाली, "आन् आमी सांगितलं असतं तं तुमी ऐकलं असतं का, दादा?"

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

पुष्कळ दिवस मी मनात म्हणत राहिलो, सोळा जणांनी तोंडावर खोटं सांगितलं. तसं नव्हतं. त्या गाठी खऱ्या होत्या. माझ्यावर कुणाचा दावा नाही, माझी एकट्याची घोंगडी असती तर आठव्या सालीही मीच होतो, एवढं त्यांतून नक्की कळत होतं. गाठी चार-पाचच पडल्या असत्या तर लिंबाखाली जायचीही गरज नव्हती, घरीच समजून घेतलं असतं. पण समोर दुसरी घोंगडी अंथरली की माणूस काय करतो, यंदा लोकांना भय कशाचं वाटतं, हे त्या दोऱ्यात कुठून येणार? मी नुसता आरसा घेऊन घरोघर हिंडलो. अध्यक्षाचं कसं असतं ते मला ठाऊक नाही, एवढा मोठा माणूस मी कधी पाहिला नाही. पण त्याच्याबद्दल विचारणारेही त्याचंच विचारत असतील तर त्यांनी थोडं सबुरीनं घ्यावं.

आठ दिवसांनी कळप निघाले. माझ्या मनात वेगळंच होतं. ज्यांनी मला काठी दिली ते चौघे माझ्या शब्दात होते. पाच कळप घेऊन मी वऱ्हाडात गेलो असतो तर मला अडवणारं कुणी नव्हतं. मात्र एकोणिसाचे दोन तुकडे झाले असते, आणि एकदा फुटलेला कळप पुन्हा एक होत नाही. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

रस्ता फुटतो तिथं आलो. एक वाट नाक्याची, एक औंढ्याची. मेव्हणा पुढं औंढ्याच्या वाटेला लागला होता. माझा घंटा बांधलेला मेंढा सात वर्षांच्या सवयीनं नाक्याच्या वाटेला वळला. त्याच्यामागं माझा कळप वळला, त्यामागं भावाचा वळायला लागला. पुढचे सगळे थांबले. मेव्हणा मागं आला, चार हातांवर उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "दाजी."

बायको सामान लादलेल्या तट्टाची दोरी धरून उभी होती. म्हणाली, "पाय दुखून राहिले माझे. कुठं जायचं ते एकदाचं ठरवा."

मी पुढं होऊन मेंढ्याचं शिंग धरलं. तो अडून राहिला. माझ्याच हातचा वाढलेला, माझ्यासारखाच. दोन्ही हातांनी त्याला ओढत आणला, औंढ्याच्या वाटेला लावला, आणि मी मागं राहिलो, लंगडणाऱ्या मेंढ्यांबरोबर, सगळ्या एकोणीस कळपांची धूळ खात.