शेवटच्या बांधीचा पाणकर

मुखरूभाऊ स्वतःच्या प्रचाराला निघाले की त्यांच्याच माणसांना धास्ती वाटायची. भाऊ कुणाच्याही ओसरीवर टेकायचे, पाणी प्यायचे, घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्याची चौकशी करायचे आणि उठता उठता म्हणायचे, "माही निशानी छत्री हाय. छत्रीवर ठप्पा मारा. पन शिडीवाला दादाजी बी वाईट मानूस नाई बाप्पा. त्याले बी एकदा इचारून पाहा, मंग ठरवा." बरोबरची चार माणसं डोक्याला हात लावायची. एकदा त्यांच्यातला एकजण रस्त्यातच थांबून म्हणाला, "भाऊ, तुमी प्रचार कोनाचा करून राह्यले?" भाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "इलेक्शनचा."

मी तेव्हा त्या गावात ग्रामसेवक म्हणून नवाच रुजू झालो होतो. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गाव मूल या तालुक्याच्या गावापुढं, जंगलाच्या कडेचं. एसटी यायची ती ड्रायव्हरच्या मर्जीनं, आणि पावसाळ्यात त्याची मर्जी बहुतेक वेळा नसायचीच. मी वरोऱ्याकडचा, कापसातला माणूस. धान ताटात आलेलं तेवढं ओळखायचो. जिल्हा परिषदेची निवडणूक त्या काळात सारखी पुढं ढकलली जायची, त्यामुळं गावाची राजकारणाची सगळी हौस ग्रामपंचायतीवर भागायची. माझ्या नोकरीला राजकारण वर्ज्य होतं, पण कान काही सरकारनं जप्त केले नव्हते.

त्या निवडणुकीत भाऊ निवडून आले. खालच्या मोहल्ल्यानं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वॉर्डानं, दादाजींना बाजूला ठेवून त्यांना पंच केलं. सरपंच पंचांमधूनच निवडायचा होता. बौद्ध वस्तीतून आलेला श्रावण हा तरणा पंच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तलाव ज्याच्या हातात हाय, त्याच्याच हातात पंचायत द्या." कुणी हरकत घेतली नाही. मला मात्र त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. श्रावणनंच तो मला नंतर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं करून समजावला.

गावाला मालगुजारांच्या वेळचा जुना तलाव होता. पाऊस दडी मारून बसला की त्याचं पाणी धानाच्या खाचरांना, म्हणजे तिकडच्या भाषेत बांध्यांना, सोडायचं. वरच्या बांधीतून खालच्या, तिथून आणखी खालच्या, असं ते उतरत जायचं. पाणी सोडायचं तोंड, म्हणजे तुडूम, उघडणारा आणि पाळ्या लावणारा माणूस तो पाणकर. त्याची निवड गाव स्वतः करायचं, पाळीवर बसून, बिनकागदी. आणि त्या निवडीला एकच अट होती. ज्याची बांधी अगदी शेपटाला, नाल्याला लागून, त्यालाच पाणकर करायचं. पाण्याची त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. त्याच्या धानापर्यंत पाणी पोचलं, म्हणजे मधल्या कुणाचं राहिलं नाही. मुखरूभाऊंची बांधी शेपटाला होती आणि कित्येक वर्षं ते पाणकर होते. मला ही रीत फार आवडली. असली अट आमच्या खात्यात लावली तर काय होईल, या विचारानं मी परतताना एकटाच हसत होतो.

पण भाऊंनी एक चूक केली. तलावावरची रीत ते सरळ पंचायतीत घेऊन आले.

मुदतीच्या शेवटच्या काही वर्षांत पंचायत समितीकडून आमच्या पंचायतीला बोरिंग, म्हणजे हातपंप, मिळू लागली, पण सालाला एखादीच. तीन ठिकाणी बायांचे पाण्यावाचून हाल होते. एक गोंडांचा टोला, म्हणजे पाडा, दुसरी बौद्ध वस्ती, तिसरा भाऊंचा खालचा मोहल्ला. मासिक सभेत मी विषय वाचला, तसे भाऊ म्हणाले, "पयली टोल्यावर. दुसरी वस्तीत. आमची शेवटी. सरपंच म्हंजे पाणकरच. त्याची बांधी शेवटी भिजते." श्रावणला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्याचाच चेहरा पडला. सभा संपल्यावर त्यानं भाऊंना अडवलं. "भाऊ, आमाले शेवटी देल्ली तरी चालते. आधी तुमच्या मोहल्ल्यात लावा, नाई त तुमी पडसान." भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पडलो त पडलो. मी काय झाडावर बसून आहो का?"

घरात वेगळीच सभा भरायची. भाऊंच्या घरधनीण बायजाबाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन रोज नाल्यावर जायच्या. उन्हाळ्यात नाल्यात झिरा खोदून, वाटीवाटीनं पाणी भरायचं. मी एकदा त्यांच्याकडे सहीसाठी गेलो होतो, तर बाई नुकत्याच परतलेल्या. माझ्यासमोरच त्यांनी तोंड उघडलं. "ग्रामसेवक साहेब, सरपंचाची बायको कशी असते ते पाहून घ्या! टोल्यावरच्या बाया बोरिंग दाबून राह्यल्या, अन् मी वाटीनं रेती उपसून राह्यली." भाऊ खाली मान घालून माझ्या कागदावर सही करत होते. "औंदा वस्तीले, पुढच्या साली आपल्यालेच," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "पुढच्या साली इलेक्शन हाय." इतकं अचूक राजकीय भाष्य मी तालुक्याच्या कुठल्याही सभेत ऐकलं नव्हतं.

खालच्या मोहल्ल्याचा राग वाढतच गेला, आणि तो वावगाही नव्हता. आपण निवडून दिलेला माणूस आपल्यालाच रांगेत मागं उभा करतो, हे कुणाला रुचणार? दादाजींना आता वेगळा प्रचार करायची गरजच उरली नाही. दादाजी गडी उमदा. शंकरपटात बैल पळवायचे, बोलायचे ते अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं. नाल्याच्या वाटेवर उभं राहून ते हंडेवाल्या बायांना एवढंच म्हणायचे, "वैनी, जड झालं का वो?" आणि भाऊ? भाऊ पुन्हा घरोघर जाऊन सांगत होते की दादाजीले बी एकदा इचारून पाहा.

लोकांनी विचारलं. निकाल लागला तेव्हा शिडी वर आणि छत्री चांगलीच खाली. मी संध्याकाळी धीर द्यायला गेलो, तर भाऊ पाटावर बसून निवांत जेवत होते. बायजाबाईंनी मलाही ताट वाढलं आणि भाताच्या भांड्याकडे बघत म्हणाल्या, "साहेब आले ते बरंच झालं. साक्षीदारासमोर सांगतो. म्या शिडीवर ठप्पा मारला." माझा घास हातातच राहिला. भाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. "आधी सांगतलं असतं," ते डोळे पुसत म्हणाले, "त मी बी तिथीच मारलो असतो. सोबतच गेलो असतो." बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी भाऊंच्या ताटात न विचारता आणखी भात घातला.

दादाजी सरपंच झाले आणि त्यांनी पहिली बोरिंग खालच्या मोहल्ल्यात लावली. त्यात त्यांनी काही चोरी केली नाही, पाळी त्याच मोहल्ल्याची होती. नारळ फोडायला त्यांनी भाऊंनाच बोलावलं. भाऊंनी नारळ फोडला, दांडा दोनदा दाबून पाहिला, पाणी तोंडाला लावलं आणि म्हणाले, "दादाजी, गोड लागलं गा!" हरलेला माणूस इतक्या मोकळ्या मनानं जिंकणाऱ्याचं कौतुक करताना मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही क्वचितच.

भाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या नोकरीत मी बरेच सरपंच पाहिले, त्यांतले काही पुढं मोठे झाले, त्यांच्या गाड्या माझ्या अंगावर चिखल उडवून गेल्या. पण सरपंच म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं मुखरूभाऊच येतात, आणि तेही सरपंचपद गेल्यानंतरच्या सालातले.

त्या साली रोवणा, म्हणजे धानाची लावणी, वेळेवर झाला, धान हिरवंगार उठलं आणि ऐन भरात पाऊस गायब झाला. तलाव अर्ध्याहून खाली. गाव पाळीवर जमलं. नवे सरपंच म्हणून दादाजी मधोमध बसलेले. त्यांनी विचारलं, "पाणकर कोन?" सगळ्यांच्या नजरा भाऊंकडे वळल्या. भाऊ म्हणाले, "काऊन? मले त पाडलं ना तुमी?" दादाजींनी नेहमीच्या खड्या आवाजात उत्तर दिलं, "ते पंचायतीत पाडलो, भाऊ. तलावावर तुमाले कोन पाडते?" लोक हसले, भाऊही हसले, आणि तुडमाची जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे गेली.

पण पाणी थोडं होतं. भाऊंनी पाळ्या लावल्या, भांडणं तोडली, दादाजींच्या भावानं पाळी मोडली तेव्हा त्यालाही शेताच्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून, हाकललं. तुडमाजवळ खोपटी टाकून ते तिथंच राहायला गेले. एकेक बांधी भिजत पाणी खाली येत होतं आणि तलाव आटत होता. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आलं आणि तलावात गाळच दिसू लागला. शेवटची बांधी कोरडी राहिली. तिला भेगा पडल्या. मधल्या काही शेतकऱ्यांनी येऊन सांगितलं, "भाऊ, आमची अर्धी पाळी तुमी घ्या." भाऊंनी मान हलवली. "पाणकरानं दुसऱ्याची पाळी खाल्ली, त पुढच्या साली कोन कोनावर भरोसा ठेवन? जाऊ द्या. एका सालानं कोनी मरत नाई." घरचं वर्षाचं धान त्याच एका बांधीत होतं. बायजाबाई त्या दिवसांत रोज सकाळी नुसत्या त्या भेगाळलेल्या बांधीपर्यंत जाऊन परत यायच्या, आणि ते मला त्यांच्या भांडणापेक्षा जास्त लागलं.

एका सकाळी भाऊ माझ्या दारात उभे. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, चेहरा लाल. मी त्यांना एवढं संतापलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"साहेब, चला. चोरी झाली. पंचनामा करा."

"काय गेलं, भाऊ?"

"गेलं नाई जी, आलं!"

मी चपला घालून त्यांच्या मागं धावलो. शेपटाच्या बांधीत पाणी उभं होतं. धानाची मुळं झाकतील एवढं, स्वच्छ. वर पाहिलं, तर सगळ्या बांध्यांच्या धुऱ्यांना फावड्यानं तोंडं पाडलेली. तुडमाला कुणी हात लावला नव्हता, तिथं तर भाऊ स्वतःच पहारा देत होते. प्रत्येकानं आपल्या बांधीत उभं असलेलं पाणी थोडं थोडं खाली सोडलं होतं. टोल्याच्या बांध्यांमधून, वस्तीच्या बांध्यांमधून आणि ज्यांनी त्यांना पाडलं त्या खालच्या मोहल्ल्याच्या बांध्यांमधूनही.

धुऱ्यावर बरीच माणसं उभी होती. श्रावण आकाशाकडे बघत होता. दादाजी कडुनिंबाच्या काडीनं दात घासत होते.

"कोन सोडलं पाणी?" भाऊ ओरडले. जो तो दुसऱ्याच्या धुऱ्याकडे बघू लागला.

"दादाजी, तुह्या धुऱ्याले बी तोंड हाय!"

"खेकड्यानं पाडलं असन, भाऊ."

"सगळ्यायच्याच धुऱ्याले एकाच राती खेकडे लागले का?" भाऊंचा आवाज चिरकला. "मले नाई पाह्यजे कोनाचं. ज्यानं त्यानं आपापलं पाणी परत घेऊन जा!"

बायजाबाई बांधीच्या पलीकडल्या धुऱ्यावर उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "परत कोनाले देता जी? पानी का वर चढते? अन् खाली त नालाच हाय."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझे डोळे भरून आले. भाऊंनी आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि खाली बघितलं, तर त्यांच्या धुऱ्याच्या एका भेगेतून पाणी नाल्याकडे पाझरत होतं. भाऊ वाकले, फावडं उचललं आणि चिखलाचा एक मोठा लपका मारून त्यांनी ती भेग बुजवली.