जानरावभाऊजींची बिनचाकाची बंडी

जानरावभाऊजी आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. अकोल्याच्या पलीकडे काटेपूर्णेच्या काठी त्यांचं गाव. शिक्षण बेताचं, नाद मात्र एकच, शंकरपटाचा. हिवाळ्यात कुठंही बैलांच्या शर्यतीचा पट भरला की हे तिथं हजर. हलक्या छकड्यावर उभं राहायचं, बैलांच्या शेपट्या पिरगाळायच्या आणि आरोळी ठोकत सरळ सुटायचं. एकदा छकडा उलटून पुढचा दात गेला. तर म्हणतात कसे, "बरं झालं बाप्पा, आता शिटी चांगली वाजते!" छप्पन साली दीक्षेला नागपूरला जातानासुद्धा त्यांनी वाटेत दुसऱ्या गाडीशी पैज लावली होती. माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठं गाडी हळू झाली.

चीनची लढाई झाली, त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांना काश्मीरकडे रस्त्याच्या कामावर सामानाच्या कोठीची नोकरी लागली. शहरातली, राजापेठेतली आमची भाड्याची खोली सोडून मी सोबत गेले. भाऊजीही मजुरीला आले. थंडीत तिथला रस्ता बंद होतो, काम थांबतं. कोठी राखायला आम्ही तिघं वर राहिलो, आणि वस्तीतली चार घरं.

आम्हाला बर्फ माहीत ते रसाच्या गुऱ्हाळातलं, भुशात ठेवलेलं. इथं सकाळी दार उघडायला जावं तर दारच सापडू नये. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, आणि मग फावडं हातात घ्यायचं, असा माझा दिवस सुरू व्हायचा. वस्तीतल्या रसूलचाचांनी आम्हाला तिथं राहायचं कसं ते शिकवलं. शेगडी पेटवून खोली पूर्ण बंद करायची नाही. छपरावरचं बर्फ खाली उभं राहून लांब बांबूनं ओढायचं, वर चढायचं नाही.

चाचांकडं लाकडी बर्फगाडी होती. भाऊजींनी पहिल्याच दिवशी आमच्याकडच्या बैलगाडीवरून तिचं बारसं केलं, "ही तं बिनचाकाची बंडी हाय!" पहिल्याच दिवशी तिच्यावर उभे राहून उतारावरून सरळ सुटले आणि शेवटी डोकं बर्फात, पाय आभाळात. वस्तीतली पोरं लोळून लोळून हसली. चाचा मात्र हसले नाहीत. "जानराव, ये बैल नहीं है. पूँछ किसकी मरोड़ेगा?" मग त्यांनी रीत दाखवली. बसून चालवायची, टाचा रोवून वेग मोडायचा, उतार आडवा कापत वळणावळणानं यायचं. ऊन चढल्यावर बर्फ सैल होतं, तेव्हा उभ्या उताराच्या वाटेला जायचं नाही. भाऊजी शिकले. रोज सकाळी पोरांना एकेक करून फिरवायचे. मीही एकदा बसले, आणि सांगायला हरकत नाही, मजा आली. पण एकटे असले की त्यांची आरोळी ऐकू यायचीच. कळायचं, गडी आज पुन्हा सरळ सुटला.

माघ लागला होता. दोन दिवस बर्फ पडून थांबलं. चाचा वस्तीतल्या माणसांना घेऊन खाली सामान आणायला गेले होते. कोठीचं छप्पर करकरायला लागलं. हे म्हणाले, "बांबूनं कधी होईल?" आमच्याकडं धाब्याच्या घरावर पोरंसुद्धा मिरच्या राखायला चढतात. ह्यांना वाटलं, छप्पर ते छप्पर. चढले. बर्फाची अख्खी थप्पी पायाखालून सुटली आणि तिच्यासकट हे खाली आले. मी धावत गेले तर ह्यांच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर.

दवाखाना खाली, फौजेच्या तळावर. दुपार कलत होती, समोरच्या शिखरावर काळं धरलं होतं. पुन्हा बर्फ सुरू झालं तर वाट दिसणार नव्हती. वाट पाहावी तर रक्त थांबत नव्हतं. भाऊजींनी चाचांची घरी राहिलेली बर्फगाडी आणली, ह्यांना घोंगडीत गुंडाळून तिच्यावर बांधलं. माझ्या मनात एकच होतं, ह्या माणसाच्या हातात मी आपला माणूस देते आहे.

"भाऊजी, आज पट नाही हं."

"वयनी, मांगून दोर धरा. गाडी वढली तं बसकन मारा, पन दोर सोडू नका."

पुढं ते, मागं मी. एका अंगानं जायचं, थांबायचं, गाडी वळवायची, दुसऱ्या अंगानं जायचं. दोर तळहातात रुतत होता. तोंडानं बुद्धं सरणं चालू होतं आणि मध्येच शब्द चुकत होते. अर्ध्यावर आलो तर समोर उभा उतार, आणि त्याच्या पायथ्याशी तळाचा धूर दिसला. तेवढ्यात पहिले कण चेहऱ्यावर आले.

हे कळवळून ओरडले, "जानराव, सोड सरळ! काहून नेऊन राहिला असा फिरवून?"

"नाई दादा."

"पटावर तं लय छाती काढत होता! आता काय झालं? भेला काय लेका?"

भाऊजींनी उताराकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं, असं मला वाटलं. मी दोर घट्ट धरला.

"भेलो, म्हना," असं बोलून त्यांनी गाडी आडवी वळवली.

हे त्यांना शिव्या देत राहिले. बर्फ दाट झालं, धूर दिसेनासा झाला. एका वळणावर माझा पाय निसटला, दोर ढिला पडला आणि गाडी उताराकडं तोंड करून घसरू लागली. मी किंचाळले. भाऊजींनी गाडीपुढं बसकन मारली, दोन्ही टाचा रोवून. तसेच फरफटत गेले, गाडी त्यांच्या पाठीला टेकली आणि थांबली. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "वयनी, दोर धरला का?" मी धरला होता. मग ते उठले.

अंधार पडता पडता तळावरच्या जवानांनी आमचा आवाज ऐकला. डॉक्टरांनी हाड बसवलं. म्हणाले, पाय राहील, थोडा आखूड राहील.

मी बाहेर आले तर भाऊजी भिंतीशी बसले होते. कुणीतरी दिलेला चहा त्यांच्या हातात होता, निम्मा सांडलेला.

"दादाचा पाय?"

"राहिला."

त्यांनी मान हलवली आणि कप माझ्याकडं केला. "तुमीच पाजा मले, वयनी. माहा हात थांबूनच नाई राहिला."